जुना पिकअप घ्यायचाय: दीड लिटरचं इंजिन की अडीच लिटरचं? (कोरेगाव, आलं-टोमॅटो, पुणे मार्केट यार्ड)

कोरेगाव_शेतमाल

नमस्कार. घरच्या आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या मालासाठी जुना पिकअप घ्यायचा आहे. माल म्हणजे हंगामात आलं, एरवी टोमॅटोचे क्रेट आणि थोडा भाजीपाला. आठवड्यातून तीन-चार वेळा सातारा, एकदा पुणे मार्केट यार्ड, आणि महिन्यातून दोनदा वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर. घाटाच्या फेरीला भार कमी असतो, ४००-५०० किलो. पुण्याला मात्र आल्याच्या दोन ते अडीच गाड्या (आपली ५०० किलोची गाडी) किंवा टोमॅटोचे ५० क्रेट. महिन्याला साधारण २००० किलोमीटर होतील.

तीन गाड्या बघून ठेवल्यात. टाटा इन्ट्रा व्ही३०, २०२१ ची, १४९६ सीसी. अशोक लेलँड दोस्त, २०१८ ची, १४७८ सीसी, तीन सिलेंडर. बोलेरो पिकअप, २०१७ ची, २५२३ सीसी. किमतीत फार फरक नाही, त्यामुळे इंजिनावर अडलोय. गावात निम्मे म्हणतात घाट आहे तर मोठंच इंजिन घ्या, निम्मे म्हणतात डिझेलला पुरणार नाही. दीड लिटर घाटात कमी पडतं का? आणि छोटं इंजिन सतत भाराखाली राहिल्याने लवकर खोलावं लागतं का? जाणकारांनी सांगावं.

घाटवाट_वाई

दादा, सीसीच्या आधी आरसी बुकावरचे दोन आकडे बघा: रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण पासिंग वजन. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमची खरी क्षमता. उदाहरणार्थ, पासिंग २५६५ आणि रिकामं वजन १२६५ असेल तर १३०० किलो उरतात. त्यातून चालक आणि एक माणूस धरून १४० किलो गेले. ताडपत्रीसाठी लोखंडी सांगाडा किंवा हौद्याला जादा पत्रा मारला असेल तर आणखी ८० किलो. मालासाठी राहिले १०८०. म्हणजे आल्याच्या दोन गाड्या नियमात बसतात, अडीच बसत नाहीत. न धुतलेलं आलं असेल तर मातीचं वजनही भारातच येतं. एका क्रेटमधला टोमॅटो २२ किलो आणि रिकामा क्रेट दीड किलो धरला तर ५० क्रेटचे ११७५ होतात, म्हणजे तेही थोडे जास्तच. चार-पाच क्रेट कमी भरावे लागतील.

आता घाटाचा हिशेब. ८ टक्के चढ (१०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर) आणि गाडी-माल मिळून २५०० किलो धरा. चढ आणि टायरचं घर्षण मिळून साधारण २३३० न्यूटन ओढ लागते. ताशी ३० च्या वेगाने चढायला, गिअरबॉक्स-डिफरन्शियलमधला तोटा धरून, इंजिनाला सुमारे ३१ हॉर्सपॉवर द्यावी लागते. ताशी ४० ने चढायचं तर ४१. इन्ट्रा व्ही३० चं इंजिन ७० हॉर्सपॉवरचं आहे. म्हणजे पासिंगच्या आत भार असेल तर दीड लिटर पसरणीत कमी पडत नाही, आणि तुमचा तर तिथे ५०० किलोच भार आहे.

तीच गाडी ३५०० किलोपर्यंत भरली की ताशी ४० साठी ५८ हॉर्सपॉवर लागते. इंजिन तेवढं देईल, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर आणि वरच्या आरपीएमला, सलग दहा-पंधरा मिनिटं. तिथे टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) तापतो, क्लच घासतो, पाण्याचं तापमान चढतं. "छोटं इंजिन लवकर जातं" असं जे बोललं जातं ते बहुतेक अशाच गाड्यांबद्दल असतं. खरं कारण सीसी नसून भार असतो.

मोठ्या इंजिनाचा फरक जाणवतो तो वळणावर. बोलेरोचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) सुमारे १९५-२०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, तोही १४०० आरपीएमच्या आसपासपासून. इन्ट्राचे १४० न्यूटन-मीटर १८०० च्या पुढे मिळतात. त्यामुळे केसपिनासारख्या वळणावर वेग पडला आणि आरपीएम १५०० च्या खाली गेला की दीड लिटरची गाडी मरगळते, टर्बो जागा होईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. उपाय सोपा आहे: वळणात शिरायच्या आधी दुसरा टाकायचा, वळणात टाकायचा नाही. ज्याला तिसऱ्यावरच रेटायची सवय आहे त्याला दीड लिटर आवडणार नाही.

पुण्याच्या फेरीत खंबाटकीची फार काळजी नको. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना भरलेली गाडी बोगद्यातून जाते, घाटाची चढण येताना लागते आणि तेव्हा तुमची गाडी रिकामी असणार. बोगद्यानंतरच्या उताराला आणि वळणाला मात्र ब्रेक हवेत. भरल्या गाडीने तिथे न्यूट्रल करू नका, तिसऱ्या-चौथ्या गिअरवर इंजिनानेच धरा. मोठं इंजिन उताराला थोडं जास्त धरतं, हा अडीच लिटरचा एक खरा फायदा आहे.

नोझलपंप_मिरज

वरच्या हिशेबाशी सहमत. त्यात एक भर: नुसत्या सीसीवरून इंजिन ओळखू नका. २५२३ सीसी हा आकडा महिंद्राच्या जुन्या यांत्रिक पंपाच्या डीआय इंजिनालाही आहे आणि नंतरच्या कॉमन रेल एम२डीआयसीआरलाही. दोन्हींचे पंप, नोझल (डिझेल फवारणारा भाग), दुरुस्ती, खर्च सगळं वेगळं. टाटा इन्ट्रा व्ही२० नावाचंही तसंच. २०१९ ची व्ही२० डिझेल, १३९६ सीसी. नंतरची व्ही२० पेट्रोल-सीएनजी, ११९९ सीसी. जाहिरातीत फक्त "व्ही२०" लिहिलेलं असतं. म्हणून आरसीवरचं इंधन, सीसी आणि इंजिन नंबर तिन्ही ताडून बघा, आणि इंजिन नंबर ब्लॉकवरची घाण पुसून वाचा.

तुमच्या तीन गाड्यांत माझ्या मते १४९६ विरुद्ध २५२३ हा फरक दुय्यम आहे. चांगल्या अवस्थेतलं दीड लिटर हे रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेलेल्या अडीच लिटरपेक्षा कधीही जास्त ओढेल. तेव्हा तपासणी नीट करा. मी क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

सकाळी जा, आणि गाडी आधीपासून चालू करून ठेवू नका असं विकणाऱ्याला बजावून जा. बोनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम असेल तर त्या दिवशी तपासणी न करता परत फिरा. गरम इंजिन कमी कॉम्प्रेशनवरही (सिलेंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) पटकन सुरू होतं आणि हा दोष झाकला जातो. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा. वर तेलाचा तवंग किंवा तपकिरी साय दिसली तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. रंग नसलेलं साधं पाणी भरलेलं असेल तर समजा गळती आहे किंवा कूलंटची निगा नाही. आत गंज धरलेला असतो आणि घाटात तापण्याचं मूळ तिथेच असतं.

मग चावी फिरवा, स्टार्ट करू नका. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. चावी दिल्यावर दिवा लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. असं दिसलं की स्कॅनर लावल्याशिवाय पुढे बोलू नका.

स्टार्ट झाल्यावर धूर बघा. पहिल्या काही सेकंदांचा पांढरा धूर थंडीत चालतो. तो राहिला तर न जळालेलं डिझेल, म्हणजे नोझल किंवा कॉम्प्रेशन. गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे तेल. गाडी उताराला सोडून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा झटका आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील, सतत निळा असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलर पाइप, अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), घासलेलं नोझल. काळ्या धुरावर किंमत कमी करून घेता येते, निळ्या धुरावर सौदाच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन गरम झाल्यावर तेल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. थोडी थरथर चालते. झाकण उडत असेल किंवा तिथून धूर फुकल्यासारखा येत असेल तर सिलेंडरमधला गॅस रिंगा ओलांडून खाली येतोय. याची खात्री कॉम्प्रेशन टेस्टने होते. नुसत्या आकड्यापेक्षा सिलेंडरा-सिलेंडरातला फरक बघा. १० टक्क्यांच्या आत असावा, १५ च्या पुढे गेला तर खोलणं जवळ आलंय. दोस्तचं इंजिन तीन सिलेंडरचं असल्याने आयडलला थोडी थरथर मूळचीच आहे, तिला घाबरू नका. पण गिअर नॉब आणि केबिन सारखी हालत असेल तर इंजिनाचे माउंट रबर बसलेत.

कॉमन रेलमध्ये नोझलची रिटर्न टेस्ट करून घ्या, कुठलाही डिझेल पंपवाला करतो. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला पारदर्शक नळी आणि बाटली लावायची, तीन मिनिटं आयडलवर ठेवायचं, मग मिनिटभर २००० आरपीएम. सगळ्या बाटल्यांत डिझेल जवळजवळ सारखं यायला हवं. एखाद्या बाटलीत इतरांच्या दुप्पट आलं तर ते नोझल आतून गळतंय. सुरू व्हायला वेळ लागणे, भाराखाली दम तुटणे हे त्याचंच लक्षण. चार नोझल आणि तीन नोझल यात दुरुस्तीचा खर्चही त्या प्रमाणात बदलतो, हे दोस्तच्या बाजूने धरा. आणि एक कळकळीची सूचना: चालू इंजिनावर जाड प्रेशरची पाइप सैल करून "करंट बघायची" जुनी पद्धत इथे अजिबात वापरू नका. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो, ती बारीक धार कातडी फोडून आत जाते. हात गमावण्याची वेळ येते.

२०२१ ची इन्ट्रा बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाची) आहे. बीएस ६ डिझेलमध्ये धूर स्वच्छ करायला मॉडेलनुसार डीपीएफ (काजळी अडवणारी जाळी), एलएनटी किंवा युरियावर चालणारी एससीआर असते. घेत असलेल्या गाडीत नेमकं काय आहे ते चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून काढा. डीपीएफ असेल तर त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्ट ५५०-६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही, जाळी भरते, आणि अर्धवट जाळण्याच्या प्रयत्नात जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्या. पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास असेल तर हीच भानगड. तुमचं सातारा २० किलोमीटर आणि आठवड्यातून एकदा हायवे, त्यामुळे तुम्हाला हा त्रास होऊ नये. पण आधीचा मालक फक्त गावात फिरवत असेल तर जाळी भरलेली मिळू शकते.

विटा_ट्रान्स्पोर्ट

मी बोलेरोच्या बाजूने बोलतो, पण इंजिनामुळे नाही. जुन्या पिकअपमध्ये इंजिन दुरुस्त होतं, चेसिस होत नाही. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर चेसिसला जिथे बसतात तिथे खाली झोपून टॉर्च मारा. नवं वेल्डिंग, त्यावर ताजा काळा रंग, किंवा पट्टी मारलेली दिसली तर ती गाडी वाळू-विटांखाली वापरलेली आहे. मूळ पाटे किती ते शोरूममधून विचारा आणि मोजा. एक पाटा जादा म्हणजे ओव्हरलोडची कबुली. यू-बोल्टखाली चकाकणारी घासण, बसकण मारलेली एक बाजू, मागच्या चाकाच्या आत ग्रीस उडालेलं, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. मध्यम वापराच्या बोलेरोचा सांगाडा हे सोसतो, म्हणून माझा कल तिकडे. स्पेअर आणि फिटर तर आटपाडीपासून पाटणपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. टोमॅटो भरलेली गाडी रस्त्यात बंद पडली तर याची किंमत कळते.

चालवताना दोन गोष्टी. तिसऱ्या गिअरवर ताशी ३० ने चढाला जाऊन ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही तर क्लच प्लेट गेली. मग सपाटीला ताशी ६० वरून पाय काढा. मागून घूं असा आवाज फक्त पाय काढल्यावर येत असेल तर क्राऊन-पिनियन, दाबल्यावर आणि सोडल्यावर टक् होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. टायरचा साइज दाराजवळच्या स्टिकरशी जुळवा. मोठे टायर टाकले असतील तर गाडी खालच्या गिअरलाही ओढत नाही आणि लोक विनाकारण इंजिनाला दोष देतात.

डिझेलचा हिशेब असा मांडा. समजा दीड लिटर १४ चा ॲव्हरेज देते आणि अडीच लिटर ११ चा. २००० किलोमीटरला १४३ आणि १८२ लिटर, फरक ३९ लिटर. नव्वदच्या भावाने महिन्याला साडेतीन हजार, वर्षाला ४२ हजार. ही रक्कम छोटी नाही. पण बोलेरोत अडीच गाड्या आलं एका फेरीत जाणार असेल आणि इन्ट्राला दोन, तर किलोमागे खर्च जवळपास सारखाच येतो: एक ११ च्या ॲव्हरेजने १२५० किलो नेते, दुसरी १४ च्या ॲव्हरेजने १०००. कुठली गाडी किती वेळा पूर्ण भरून जाते, तेवढंच मोजा. रिकामी परत येणारी प्रत्येक फेरी मोठ्या इंजिनाला महाग पडते.

कोरेगाव_शेतमाल

सगळ्यांचे आभार, डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. आरसी बघितलं. बोलेरोत १२५० किलो नियमात बसतात, इन्ट्रा आणि दोस्तमध्ये माणसांचं वजन वजा जाता ११०० च्या आसपास. अडीच गाड्या भरायची वेळ वर्षातून सात-आठ आठवडेच येते, बाकी ८०० ते १००० किलो. दोस्तचा मालक म्हणतो गेल्या वर्षी इंजिन पूर्ण खोलून केलंय. हे चांगलं समजायचं की वाईट? आणि टाटा एसची जुनी गाडी स्वस्तात मिळतेय, ती विचारात घ्यावी का?

नोझलपंप_मिरज

खोललेलं इंजिन वाईट नसतं, बिल नसलेलं वाईट. चार गोष्टी विचारा. बोअर (सिलेंडरचं भोक) मोठं केलं का, केलं तर किती, आणि पिस्टन कुठल्या साइजचे. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ग्राइंड केला असेल तर बेअरिंग कितव्या अंडरसाइजचं. हेड प्लेन आणि प्रेशर टेस्ट केलं का. टर्बो आणि ऑइल पंप बदलले की जुनेच. या चारही गोष्टी बिलावर दिसल्या तर तो माणूस खरं बोलतोय. फक्त "रिंगा टाकल्या" असेल तर ती विकण्यापुरती केलेली दुरुस्ती. घासलेल्या बोअरमध्ये नवी रिंग नीट बसत नाही आणि तेल पुन्हा जळू लागतं. हाफ इंजिन (हेड सोडून खालचा ब्लॉक) दुसऱ्या गाडीचं टाकलं असेल तर ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळणार नाही, मग ट्रान्स्फर आणि विमा दोन्ही अडकतील.

एस तुमच्या कामाची नाही. जुन्या डिझेल एसचं ७०२ सीसी, दोन सिलेंडरचं इंजिन १६ हॉर्सपॉवरचं, टर्बोशिवाय. ८ टक्के चढाला पासिंगच्या भारातही ताशी २५ च्या पुढे जाणार नाही. शिवाय टर्बो नसलेल्या इंजिनाचा दम दर हजार मीटर उंचीला साधारण १० टक्क्यांनी कमी होतो, आणि महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे. सातारा शहरात मार्केट ते दुकान एवढ्यासाठी ती गाडी उत्तम. पुण्याला आलं न्यायला नको.

कागदपत्र_कराड

इंजिनावर भरपूर झालं, कागदांचं राहिलं. एकूण पासिंग वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये ती सूट आहे. त्याच्या वर गेली की परमिटचा खर्च आणि नूतनीकरण आलं. बोलेरो पिकअपची काही मॉडेल ३००० च्या आत आहेत, काही वर, म्हणून आरसीवरचा आकडा पुन्हा बघा. मोठं इंजिन की छोटं, यापेक्षा हा आकडा वर्षाच्या खर्चात जास्त फरक पाडू शकतो.

मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. २०१७ ची बोलेरो दरवर्षीच्या रांगेत येणार, २०२१ ची इन्ट्रा अजून नाही. किंमत ठरवताना हे वजा करा. ओव्हरलोड सापडला तर कलम १९४ प्रमाणे २० हजार आणि जादा दर टनाला २ हजार, वर जादा माल तिथेच उतरवावा लागतो. नाशवंत मालाचं ते नुकसान वेगळं.

गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. गाडीवरची ई-चलनं आधी बघून विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.

घाटवाट_वाई

तुमच्या नव्या आकड्यांवरून माझं मत इन्ट्राकडे झुकतं, अट एकच: कॉम्प्रेशन, तेल आणि एक्झॉस्टची तपासणी स्वच्छ निघाली पाहिजे. वर्षातले ४४-४५ आठवडे तुमचा भार १००० किलोच्या आत आहे. उरलेले सात-आठ आठवडे जादा अर्धी गाडी आलं दुसऱ्या फेरीने किंवा शेजारच्यांच्या गाडीत पाठवणं परवडतं. इन्ट्रा तपासणीत नापास झाली तर दोस्त, पण बिलं बघूनच. बोलेरो तेव्हा घ्या, जेव्हा शेजारच्या दोघांऐवजी चार-पाच जणांचा माल धरायचा ठरवाल.

ट्रायल घेताना कोरेगावातच फिरवू नका. ५०० किलो माल टाकून साताऱ्याहून यवतेश्वरच्या चढाला न्या. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा मधल्या खुणेवर थांबला पाहिजे. वर गेल्यावर गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा, टर्बो थंड होतो. मग बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा स्टार्ट करा. गरम असताना स्टार्टला जास्त फिरवावं लागलं तर नोझलची रिटर्न टेस्ट झाल्याशिवाय टोकन देऊ नका.